फिरत्या वाट्या आणि सुटती सोंगटी

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाच्या हाताकडे काही दिवस लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. मूठ वळण्याची शक्ती पुष्कळदा आधी परत येते; ती मूठ हवी तेव्हा उघडण्याची शक्ती मात्र मागे रेंगाळते. पेला उचलता येतो, पण टेबलावर टेकवल्यावर बोटे त्याला सोडीत नाहीत. कंपवाताच्या रुग्णाची अडचण थोडी निराळी असते. त्याला हालचाल सुरू करणे जड जाते आणि सुरू झालेली हालचाल लहान लहान होत जाते. संधिवाताने अंगठ्याचे मूळ दुखू लागले, की चिमटीत धरलेली वस्तू नको त्या क्षणी सुटते. या तिन्ही हातांना ‘योग्य क्षणी सोडणे’ ही एकच क्रिया अवघड झालेली असते. आणि आपण घरोघरी त्यांच्या हाती काय देतो? दाबण्यासाठी रबरी चेंडू. आधीच आवळलेल्या मुठीला तो आणखी आवळायला लावतो, सोडायला काही शिकवीत नाही.

सोडण्याचा सराव हवा असेल तर त्यासाठी खेळ हवा, आणि त्या खेळात सोडण्याचा क्षण मोलाचा हवा. स्थिर डब्यात सोंगटी टाकण्यात असा क्षण नसतो. आता टाका किंवा मिनिटाने टाका, डबा तिथेच आहे. लक्ष्य फिरू लागले, की मात्र हाताला वाट पाहावी लागते, अंदाज बांधावा लागतो आणि मग बोटे उघडावी लागतात. फिरत्या लक्ष्याचे आकर्षण आपल्याकडे जुनेच आहे. द्रौपदीच्या स्वयंवरातला फिरता मासा कथाकीर्तनांतून प्रत्येकाच्या मनात बसलेला आहे. पण त्या मत्स्यवेधात हुकणाऱ्याची सभेत शोभा होते. आपल्याला याच्या अगदी उलट खेळ रचायचा आहे. त्यात हुकणे क्षुल्लक असावे आणि पुढची संधी दोन सेकंदांनी पुन्हा समोर यावी.

घरात कॅरमबोर्ड असेल तर निम्मे काम झालेच समजावे. कॅरमची खेळायची जागा प्रत्येक बाजूला सुमारे ७४ सेंटिमीटर असते आणि चारी बाजूंना उभी लाकडी चौकट असते. ही चौकट अतिशय महत्त्वाची, कारण अशा खेळातला खरा धोका टेबलाखाली असतो. घरंगळलेली सोंगटी उचलायला वाकलेले आजोबा उठताना भोवळ येऊन पडले, तर खेळाचे सारे श्रेय त्या एका पडण्यात बुडते. म्हणून चौकट नसलेल्या टेबलावर हा खेळ मांडू नये, आणि खाली गेलेली सोंगटी उचलण्याचा अधिकार घरातल्या सर्वांत लहान खेळाडूकडे असावा. हाच विचार करून सोंगटी फेकायची नाही, वरून सोडायची, असा नियम करावा. फेकण्यात खांदा गुंततो, आणि उतारवयात खांदे आखडलेले असणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

बोर्डाच्या मध्यभागी फिरती चकती ठेवावी. केक सजवणारे लोक वापरतात ती फिरती बैठक किंवा जेवणाच्या टेबलावरचा फिरता ट्रे चालतो. त्यावर ३६ सेंटिमीटर व्यासाची प्लायवुडची चकती बसवावी आणि कडेने सहा वाट्या चिकटवाव्यात. वाटीचे तोंड ८ सेंटिमीटर असावे आणि तिचा मध्य चकतीच्या मध्यापासून १२ सेंटिमीटरवर यावा. अशी मांडणी केली, की जवळची वाटी बोर्डाच्या आतल्या कडेपासून सुमारे २५ सेंटिमीटरवर येते; कोपरापुढचा हात चौकटीवर टेकवून, न वाकता तिथपर्यंत बोटे पोचतात. चौघे चार बाजूंना बसले तरी प्रत्येकाला अंतर सारखेच.

आता वेग. इथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण विकत मिळणाऱ्या बहुतेक फिरत्या खेळण्यांचा दोष वेगातच असतो. आपल्या वाट्या ज्या वर्तुळावर आहेत त्याचा परिघ सुमारे ७५ सेंटिमीटर. चकतीचा एक फेरा १० सेकंदांत होत असेल, तर वाटी सेकंदाला साडेसात सेंटिमीटर सरकते. ८ सेंटिमीटरची वाटी हाताखालून जायला एक सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. पण कॅरमची सोंगटी स्वतःच ३ सेंटिमीटरहून थोडी अधिक रुंद असते. ती काठाला न अडकता आत पडायची तर उपयोगी जागा ५ सेंटिमीटरहूनही कमी उरते, म्हणजे हाती येणारा वेळ पाऊण सेकंदाहून कमी! शिवाय १५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली वस्तू खाली यायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग घेते. तेवढ्यात वाटी सव्वा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे वाटी हाताखाली येण्याच्या थोडे आधीच बोटे उघडायला हवीत. हा अंदाज आपण जाणीवपूर्वक बांधीत नाही, मेंदू तो अनुभवातून बांधतो. दहा-बारा वेळा हुकल्यावर हात आपोआप किंचित आधी सुटू लागतो.

धडधाकट नातवाला १० सेकंदांचा फेरा सोपा वाटेल. पक्षाघातानंतर नुकतीच बोटे हलू लागलेल्या माणसाला २० सेकंदांचा फेराही कठीण जाईल. वेग कमी-जास्त करता आलाच पाहिजे, आणि तो खेळणाऱ्याच्या हाती असावा. म्हणूनच मला विजेवर फिरणारी चकती पसंत नाही. ती आपल्या वेगाने फिरते आणि खेळणाऱ्याला आपल्यामागे पळवते. हाताने फिरवलेली चकती मात्र हळूहळू मंदावते. सुरुवातीला अवघड असलेले लक्ष्य वाट पाहणाऱ्यासाठी सोपे होत जाते. पूर्ण थांबेपर्यंत कोणी वाट पाहू नये यासाठी एवढाच नियम ठेवावा, की चकती थांबली की डाव संपला. नुसत्या छऱ्यांवर चकती फार वेळ आणि फार गुळगुळीत फिरते. तिच्या खालच्या कडेला हलकेच घासेल असा नमद्याचा किंवा जाड लोकरी कापडाचा तुकडा लावला, की ती शहाण्यासारखी वागू लागते. बैठकीत किंवा इतरत्र लोहचुंबक वापरण्याचा मोह टाळावा. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी चुंबक छातीजवळ आणू नये, आणि कोणता पाहुणा खेळायला बसेल हे आधी सांगता येत नाही.

लक्ष्य किती मोठे आणि किती दूर असावे, याबाबत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला एक नियम आजही यंत्रांच्या कळांपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र वापरला जातो. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका हाताला तिथे पोचायला अधिक वेळ. अंतर दुप्पट करून रुंदीही दुप्पट केली, तर अडचण साधारण तेवढीच राहते. त्याचा घरगुती अर्थ असा, की हाताचा पल्ला कमी असेल तर चकती जवळ सरकवा, आणि हात कापत असेल तर वाटी मोठी करा. खेळणाऱ्याला ‘नीट नेम धरा’ म्हणण्यापेक्षा वाटी बदलणे सोपे आणि सौजन्याचेही.

डोळ्यांचा विचार हाताइतकाच करावा लागतो. उतारवयात सरकत्या वस्तूचा सलग पाठलाग करणे डोळ्यांना जड जाते. दृष्टी मागे पडते आणि उडी मारून पुढे जाते. काहींना फिरत्या वस्तूकडे पाहून गरगरतेही. यावर उपाय म्हणजे पाठलाग सोडून देणे. जाड पुठ्ठ्याची एक छोटी कमान चकतीच्या कडेवर, न फिरणारी अशी उभी करावी. खेळणाऱ्याने चकतीकडे पाहायचेच नाही, फक्त त्या कमानीकडे पाहायचे. वाटी दारात आली, की सोंगटी सोडायची. लोकलच्या दारात उभे राहणाऱ्याला फलाटाची वाट पाहण्याची ही कला नव्याने शिकवावी लागत नाही. चकतीवर सर्पिल रेषा किंवा काळेपांढरे पट्टे कधीही रंगवू नयेत. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते, त्यामुळे निळा आणि हिरवा यांतला फरक पुसट होतो. गडद काळ्या चकतीवर पिवळ्या वाट्या सर्वांत स्पष्ट दिसतात. स्टीलच्या चकचकीत वाट्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्रास देतो, आणि सोंगटी त्यांतून टणकन उडतेही. आत जुन्या सुती कापडाचे अस्तर द्यावे. एक वाटी मात्र उघडीच ठेवावी. तिच्यात सोंगटी पडली, की ‘ठण्ण’ असा आवाज व्हावा आणि तिचे गुण दुप्पट धरावेत. ज्यांना कमी दिसते त्यांना आपला नेम लागला हे कानांनी कळते, आणि इतरांनाही त्या आवाजाची गोडी लागते.

सोंगट्या गुळगुळीत पृष्ठावरून उचलणे हे सोडण्याहून अवघड ठरू शकते. पातळ, चपटी वस्तू काचेवरून उचलताना आपलीही बोटे घसरतात. शेजारी घडी घातलेला टॉवेल ठेवून त्यावर सोंगट्या पसराव्यात. बोटे कापडात किंचित रुततात आणि सोंगटी सहज हाती येते. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे किंवा सबंध सुपाऱ्या घ्याव्यात. सागरगोटे तर या कामासाठीच जन्माला आले असावेत. अनेक आज्यांच्या तळहातांना त्यांची ओळख पटते, आणि मग उचलून झेलण्याचे जुने हातखंडे नातवंडांना दाखवण्यात मूळ खेळ बाजूला राहतो, त्याला इलाज नाही. गुंजा मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नयेत. त्यांच्या बियांत तीव्र विष असते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती लहान वस्तू तोंडात घालण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी मुगाने भरलेल्या, पक्क्या शिवलेल्या, मुठीएवढ्या कापडी पिशव्या कराव्यात आणि वाट्यांच्या जागी तीनच मोठे वाडगे ठेवावेत.

स्मृतिभ्रंशाचा उल्लेख आला, तेव्हा फिरत्या चकतीची एक वेगळी हकीकत सांगायला हवी. फिरत्या तबकडीवरील ठिपक्यावर कांडी टेकवून ठेवण्याची चाचणी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरात होती. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांवर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवी आठवण साठवण्याची त्यांची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली. सुझान कॉर्किन या संशोधिकेने त्यांना ही तबकडी दिली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सरावाने त्यांचा हात सुधारत गेला. निरोगी माणसांइतका नव्हे, पण निश्चित सुधारला. घडलेले प्रसंग त्यांच्या स्मरणात टिकत नव्हते, हाताचे कौशल्य मात्र टिकत होते. पुढे अल्झायमरच्या अनेक रुग्णांतही अशा तबकडीवर सरावाने प्रगती झाल्याचे आढळले. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी या हकीकतीत फार मोठा दिलासा आहे. ‘काल आपण हा खेळलो होतो, आठवते का?’ हा प्रश्न विचारूच नये. चकती फिरवावी, एक पिशवी स्वतः टाकून दाखवावी आणि दुसरी त्यांच्या हाती द्यावी. शब्दांनी नियम सांगण्यापेक्षा हे अधिक लवकर पोचते.

याचा अर्थ खेळाने स्मृतिभ्रंश थांबतो असा मुळीच नाही. वाटीत सोंगटी टाकण्याच्या सरावाने मुख्यतः वाटीत सोंगटी टाकणे सुधारते. शर्टाची बटणे लावणे त्यामुळे आपोआप सुधारेलच असे गृहीत धरू नये, बटणांचा सराव बटणांवरच करावा. खेळाचे काम वेगळे आहे. कंटाळवाण्या व्यायामात जी हालचाल दहा वेळा होत नाही, ती खेळात शंभर वेळा होते. आणि त्या वेळी समोर माणूस बसलेला असतो.

समोरच्या माणसाने मुद्दाम हरू नये, ही एक विनंती. वृद्धांना ते तत्काळ कळते आणि लागते. त्याऐवजी खरीखुरी अडचण वाटून घ्यावी. नातवाने डाव्या हाताने खेळावे, त्याची चकती आजोबांनी जोरात फिरवावी आणि आजोबांची नातवाने हळू. चकतीवर कार्टूनची चित्रे चिकटवू नयेत. आयुष्यभर हिशेब, शेती किंवा शिक्षकी केलेल्या माणसापुढे बालवाडीचे खेळणे ठेवणे हा त्याच्या वयाचा अपमान आहे.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. बोटे दुखू लागली किंवा कंप वाढला, की थांबावे. कंपवातावरची औषधे घेणाऱ्यांनी औषधाचा परिणाम चांगला असतानाची वेळ निवडावी. वीस सोंगट्यांपैकी किती आत पडल्या हे उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगवेगळे वहीत लिहून ठेवावे. काही आठवड्यांत दोन्ही हातांचे आकडे हळूहळू उतरू लागले, बटणे आणि पेनही जड जाऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि एखाद्या संध्याकाळी नेहमी चौदा-पंधरा पाडणाऱ्या हातातून सोंगट्या एकाएकी गळू लागल्या, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ‘दमले असतील’ म्हणून डाव आवरून त्यांना झोपवू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घड्याळ पाहून वेळ लिहावी आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे.