गच्चीवर सूर्य कुठून येतो?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, बरोबर?

साफ चूक! ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्यांच्या अगदी डोक्यावर तो वर्षातून दोनदाच येतो. एकदा १६ मेच्या सुमारास आणि परत २७ जुलैच्या आसपास. आणि तेही बाराला नाही, साडेबारा वाजून गेल्यावर! कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावरची वेळ दाखवतात आणि आपण राहतो ७३ रेखांशाच्या जवळ, म्हणजे बरेच पश्चिमेला. मेमधल्या त्या दिवशी गच्चीत काठी उभी धरा, तिची सावली काठीच्या बुडाशीच गडप होते. जुलैतली गंमत बहुधा ढगच खाऊन टाकतात.

आता हे सगळं कशासाठी? तर गच्चीवरच्या सौर पॅनलसाठी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं केंद्राच्या 'सौर शहर' कार्यक्रमात निवडली गेली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली आणि घरोघरी, सोसायट्यांच्या सभांत पुन्हा विषय निघू लागला. साधारण शंभर चौरस फूट जागेत एक किलोवॉटची पॅनलं मावतात, आणि चांगल्या उन्हात ती दिवसाला चारेक युनिट वीज देतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळ्यांना हातभार लागतो. पण पॅनलं लावायची कुठं आणि किती तिरकी?

तुमची एखादी मावशी कॅनडात असेल तर तिला विचारा. तिकडे पॅनल चांगलं उभट लावतात. एक तर सूर्य बराच खाली असतो, आणि दुसरं म्हणजे बर्फ घसरून पडायला हवा! आपल्याकडे बर्फ कुठला? पण आपल्याकडे पावसाळा आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपला दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण यातले बरेच दिवस तो ढगांआडच! ऊन खरं मिळतं ते ऑक्टोबर ते मे, आणि तेव्हा जवळजवळ सगळा काळ सूर्य दक्षिणेला असतो. म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला, आणि कल आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे १९-२० अंश.

तो कल अगदी काटेकोर हवा का? मुळीच नाही. किरण पॅनलवर सरळ न पडता १० अंश तिरके पडले तर जेमतेम दीड टक्का नुकसान. २० अंशांना ६ टक्के, ३० अंशांना १३ टक्के. (दहावीवाल्यांनो, कोसाइनचा तक्ता उघडा आणि पडताळून बघा!) तेव्हा १५ अंश की २० यावर कुणी तासभर वाद घालत असेल तर घालू द्या. फक्त १० अंशांपेक्षा कमी नको. नाहीतर पावसाचं पाणी खालच्या चौकटीशी अडतं आणि तिथं मातीची पट्टी साचत जाते.

कोन चुकला तर सूर्य माफ करतो. सावली मात्र माफ करत नाही, बरं का!

पॅनलमधले छोटे छोटे घट एकामागे एक साखळीसारखे जोडलेले असतात. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर एकजण मध्येच थबकला की मागची सगळी गर्दी तुंबते ना, तसंच. एका घटावर दाट सावली पडली की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांची वीज अडते. अशा वेळी विजेला वळसा घालून जाता यावं म्हणून पॅनलमध्ये डायोड बसवलेले असतात, पण तो वळसा घेताना बहुतेक पॅनलांचा तिसरा हिस्सा वाया जातो. सावली कसली? तर पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, कठड्याची, डिश अँटेनाची, शेजारच्या माडाची!

आणि इथंच मोठी माणसं फसतात. समजा, सभा भरली मे महिन्यात. सगळे दुपारी गच्चीवर जातात. सेक्रेटरी काका म्हणतात, "बघा, टाकीची सावली कुठं आहे? लावा की तिच्या मागे!" खरंच नसते हो सावली, मेमध्ये! पण २२ डिसेंबरला एक मीटरची काठी उभी करून बघा. सकाळी ९ वाजता तिची सावली सुमारे २.४ मीटर, वायव्येकडे. दुपारी साडेबाराला ९२ सेंटिमीटर, उत्तरेकडे. संध्याकाळी ४ वाजता पुन्हा २.२ मीटर, ईशान्येकडे. म्हणजे दोन मीटर उंच टाकीची सावली सकाळी जवळजवळ पाच मीटर लांब जाते. काकांनी सुचवलेली जागा टाकीच्या उत्तरेला असेल, तर हिवाळ्यातल्या लख्ख उन्हात तिथली पॅनलं सावलीत बसलेली!

टाकी निदान जागची हलत नाही. आपल्याकडे इमारती मात्र वाढतात. जुनी चार मजली इमारत पाडून तिथं टॉवर उभा राहतो. आपल्या दक्षिणेला ६० मीटरचा टॉवर आला, तर डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली ५५ मीटरपर्यंत पोचते. पॅनलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, पण समोरच्या प्लॉटची हमी कोण देणार? सभेत हा प्रश्न नक्की विचारा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंची काळजी वेगळीच. "स्लॅबला भोकं पाडलीत तर पावसात गळती माझ्याच घरात!" त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी भोकं न पाडता सिमेंटचे जड ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करतात. ते वजन इमारतीला पेलेल का, हे इंजिनिअरला विचारावं लागतं. गळतीपायी गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिची दक्षिणेकडे उतरती बाजू बघायची आणि पाइप गंजलेत का तेही. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाचा वारा घरच्यांना आठवत असेलच. तिरकं पॅनल वाऱ्याला शिडासारखं वाटतं.

तर या डिसेंबरात खडू, काठी, मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन गच्चीवर जा. दर तासाला टाकीच्या आणि कठड्याच्या सावलीची कड खडूनं आखा. नऊ ते चार जिथं एकही रेघ पोचली नाही ती जागा कागदावर उतरवा आणि सेक्रेटरी काकांना द्या. २२ तारखेला शाळा असेल तर पुढच्या रविवारी मोजा. आठवडाभरात सावली फारशी सरकत नाही. कठड्यावर मात्र चढायचं नाही!