जहाजावरची पिवळी वर्तुळे

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर पोर्ट हेडलंड नावाचे बंदर आहे. लोहखनिज नेण्यासाठी तेथे प्रचंड मालवाहू जहाजे येतात. बंदराची वाट अरुंद आहे आणि भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक सुमारे ७ मीटरपर्यंत जातो. म्हणून जहाज आत-बाहेर नेताना तेथील पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला मार्गदर्शक लागतो. बंदराच्या भाषेत त्याला ‘पायलट’ म्हणतात. होडीने जहाजापाशी जायचे आणि दोरशिडीने वर चढायचे, ही पायलटची जुनी रीत. पोर्ट हेडलंडचा पायलट मात्र हेलिकॉप्टरने येतो आणि मालकोठारांच्या पोलादी झाकणांवर उतरतो.

पण मालवाहू जहाज म्हणजे काही विमानतळ नव्हे! त्याच्या डेकवर डोलकाठ्या, क्रेन, नळ, कठडे यांची गर्दी असते. शिवाय डेक लाटांबरोबर हलत असते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला पुढचे दिसते, बाजूचे थोडेफार दिसते. पण पाठीमागची शेपटी आणि तिच्यावर गरगरणारा छोटा पंखा त्याला मुळीच दिसत नाही. तो पंखा एखाद्या क्रेनला घासला तर अनर्थच. मग शेपटी मोकळ्या जागेत आहे हे त्याला कळते कसे? डेकवर रंगवलेल्या वर्तुळांवरून!

एक माप, तीन वर्तुळे

या वर्तुळांचे मूळ एका मापात आहे. पंखे फिरत असताना मोठ्या पंख्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या मागच्या टोकापर्यंत हेलिकॉप्टरची जी जास्तीत जास्त लांबी भरते, तिला ‘डी’ म्हणतात. मुंबईहून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे ये-जा करण्यासाठी डॉफिन जातीची हेलिकॉप्टरे वापरली गेली. त्यांची डी सुमारे १३.७ मीटर, म्हणजे १३ मीटर लांबीच्या कबड्डीच्या मैदानापेक्षा थोडी अधिक.

उतरण्याच्या जागेवर एकाच मध्यबिंदूभोवती तीन वर्तुळे काढतात. मधल्या, म्हणजे दुसऱ्या वर्तुळाचा व्यास निदान डीइतका असतो आणि त्याची रेघ अखंड पिवळी असते. त्याच्या आतली जागा मोकळी ठेवायची. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास डीच्या १.३ पट असतो आणि त्याची रेघ तुटक असते. दोहोंमधल्या पट्ट्यात फार उंच वस्तू चालत नाहीत. सर्वांत आतल्या वर्तुळाचा व्यास डीच्या निम्मा असतो आणि त्याच्या मध्यभागी पांढरा ‘एच’ असतो.

आता गंमत पाहा. आतल्या वर्तुळाचा व्यास निम्मा, तर त्रिज्या डीच्या पाव. वैमानिकाची खुर्चीही हेलिकॉप्टरच्या मध्यापासून पुढे साधारण तेवढ्याच अंतरावर असते. म्हणून ‘एच’ पाठीशी ठेवून खुर्ची आतल्या पिवळ्या रेघेवर आणली, की हेलिकॉप्टरचा मध्य आपोआप वर्तुळाच्या मध्यावर येतो. मग पुढचा पंखा आणि मागची शेपटी दोन्ही मोकळ्या जागेत राहतात. वैमानिकाला शेपटीकडे वळून पाहावे लागत नाही. डोळ्यांसमोरची रेघच त्याला पाठीमागची खात्री देते.

पण चौकोन न काढता वर्तुळच का? हेलिकॉप्टरला शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरायचे असते, आणि वारा आज एका दिशेने तर उद्या दुसऱ्या. वर्तुळाची त्रिज्या सर्व दिशांना सारखी असल्यामुळे तोंड कोणीकडेही असले तरी हिशेब चुकत नाही.

जागा अपुरी असेल तर?

अनेक जहाजांवर उतरण्याइतकी मोकळी जागा नसतेच. तेथे हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहून तारेने माणसे किंवा सामान खाली सोडते. यासाठी किमान ५ मीटर व्यासाचे, आत पूर्ण पिवळे भरलेले वर्तुळ काढतात. त्याभोवती डीच्या दुप्पट व्यासाचे तुटक वर्तुळ असते आणि ‘विंच ओन्ली’, म्हणजे ‘फक्त तारेने’, अशी ठळक अक्षरे असतात. येथे ‘एच’ काढत नाहीत, कारण ‘एच’चा अर्थ ‘येथे उतरता येईल’ असा आहे.

म्हणूनच खोटी खूण ही खूण नसण्यापेक्षा अधिक घातक असते. जागा लहान असताना मोठी वर्तुळे काढली, किंवा नंतर वर्तुळालगत एखादा खांब उभारला आणि जुनी खूण पुसलीच नाही, तर रेघेवर विसंबणारा वैमानिक अचूक उड्डाण करूनही अपघातात सापडेल. ब्रश हाती धरणाऱ्या खलाशाच्या मोजपट्टीवर वरच्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

खुणांनाही मर्यादा आहेत. १४ मार्च २०१८ च्या रात्री पोर्ट हेडलंडजवळ एका जहाजावरून पायलटला आणण्यासाठी गेलेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. त्यातील दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला. काळ्याभोर समुद्रावर डोळ्यांना उंचीचा आणि अंतराचा अंदाज येत नाही. डेकवरची रेघ कितीही अचूक असली, तरी तिच्यापर्यंत सुखरूप पोचण्यासाठी उपकरणे आणि सराव हवाच. रात्री खुणांवर दिवेही सोडावे लागतात, तेही वैमानिकाचे डोळे दिपणार नाहीत अशा बेताने.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर एक खुंटी ठोका. ३.४ मीटर आणि ६.८५ मीटर लांबीच्या दोऱ्यांनी तिच्याभोवती चुन्याची दोन वर्तुळे काढा. ही झाली डॉफिनसाठीची आतली दोन वर्तुळे. आता १३.७ मीटर लांबीची दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरा. पुढच्या टोकापासून ३.४ मीटरवर तिसऱ्या मित्राला उभे करा; तो वैमानिक. खुंटीकडे पाठ करून त्याने आतल्या रेघेवर उभे राहावे आणि दोरी खुंटीवरून सरळ जाईल असे पाहावे. मागे न पाहता त्याने कोणत्याही दिशेला तोंड केले, तरी दोरीची टोके दर वेळी कोठे येतात ते तपासा. नंतर आतले वर्तुळ मुद्दाम एक मीटरने मोठे काढा आणि हाच प्रयोग पुन्हा करा. दोरी कोठवर सरकते ते पाहिले, म्हणजे जहाजावर मोजपट्टी इतक्या काळजीने का धरतात ते कळेल.