सोनाटा ऐकताना टाळी कधी द्यायची? मोझार्टचे श्रोते आणि झाडीपट्टीचा ‘वन्स मोअर’

दिवाळी झाली, धान हाती यायला लागलं की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. तिथल्या नाटक मंडळ्या पुढचे काही महिने गावोगाव फिरत असतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. नाटकातली गाणी नट-नटी स्वतः गातात आणि वादक तिथेच बसून साथ करतात. गाणं जमलं की मंडपातून ‘वन्स मोअर’ येतो, कुणी बक्षीस पाठवतं, आणि कथा जिथे असेल तिथे थांबवून गाणं पुन्हा होतं.

शहरातून पहिल्यांदा आलेल्या प्रेक्षकाला हे खटकतं. नायिका मरणाच्या दारात असताना तिला पुन्हा गायला लावायचं म्हणजे काय? हे रसिक नव्हेत, हुल्लडबाज आहेत, असं मत तो परत जाताना बरोबर घेऊन जातो. दुसरीकडे, त्याच मंडपात रात्रभर बसून गाण्याची चाल पहिल्या ओळीत ओळखणाऱ्या माणसाला पियानोचा सोनाटा ऐकायला सांगितलं तर तो म्हणेल, ‘ते आपल्याला कळत नाही, ते वेगळ्या लोकांचं.’ वेगळे लोक म्हणजे थंडगार सभागृहात खोकलासुद्धा दाबून बसणारे.

दोन्ही समजांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: खरा जाणकार गप्प बसतो. मोझार्टच्या काळात सोनाटे लिहिले जात होते, तेव्हाच्या श्रोत्यांना मात्र ही कल्पना चमत्कारिक वाटली असती.

पॅरिसमधली टाळी

१७७८ च्या जूनमध्ये बावीस वर्षांच्या मोझार्टची एक सिंफनी पॅरिसमध्ये सादर झाली. ३ जुलैला त्याने वडिलांना पत्र लिहून तिची हकीकत कळवली. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. ती आली आणि वाद्यं वाजत असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला. तीच जागा त्याने शेवटी मुद्दाम पुन्हा आणली होती, तिथे पुन्हा टाळ्या पडल्या.

शेवटच्या भागाची गंमत आणखी वेगळी. पॅरिसमध्ये असे भाग सगळ्या वाद्यांनी एकदम दणक्यात सुरू करायची पद्धत होती. मोझार्टने सुरुवात फक्त व्हायोलिनवर, अगदी हळू केली. लोकांनी एकमेकांना ‘शू’ केलं. आठ मात्राखंडांनंतर सगळा वाद्यवृंद कोसळला, आणि त्या क्षणीच टाळ्या सुरू झाल्या. हे सगळं त्याने हिशेबाने केलं होतं. कार्यक्रम झाल्यावर आनंदाने जाऊन आइस्क्रीम खाल्लं, असंही त्याने कळवलं. (त्याच पत्रात आई फार आजारी असल्याचं लिहिलं आहे. खरं तर ती त्याच रात्री पॅरिसमध्ये वारली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून त्याने ते लपवलं.)

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मध्येच पडलेल्या टाळ्यांनी संगीतकाराचा अपमान झाला नाही. टाळी कुठे पडणार हे धरूनच त्याने रचना केली होती.

आठ वर्षांनी, १७८६ च्या मे महिन्यात, व्हिएन्नामध्ये त्याचा ‘फिगारोचं लग्न’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. पुन्हा गाण्याच्या फर्माइशी इतक्या आल्या की काही दिवसांत सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं: एकापेक्षा जास्त गायकांचं गाणं पुन्हा होणार नाही. कारण सरळ होतं, खेळ फार लांबतो. एकट्या गायकाच्या गाण्याला हात लावायची हिंमत मात्र सम्राटानेही केली नाही.

पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं, १९१३ साली बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, आणि वन्स मोअर घेत घेत नाटकं उत्तररात्रीपर्यंत नेण्याची चाल मराठी प्रेक्षकाने अंगी बाणवली. पुण्या-मुंबईत ती पुढे ओसरली, झाडीपट्टीत टिकली. शब्दांचा प्रवासही मजेदार आहे. फर्माइशीसाठी इंग्रज लोक ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द ओरडतात, फ्रेंच लोक ‘बिस’ हा लॅटिन, आणि मराठी प्रेक्षक इंग्रजी.

षड्ज घर सोडतो तेव्हा

टाळ्यांचं ठीक आहे, पण सोनाट्यात ऐकायचं काय? सोनाटा हा इटालियन शब्द, अर्थ ‘वाजवायची रचना’; गायच्या रचनेला कँटाटा म्हणत. पियानोच्या सोनाट्यात साधारण तीन-चार स्वतंत्र भाग असतात. पहिला बहुधा जलद, नंतरचा संथ, शेवटचा पुन्हा जलद. शब्द नाहीत, कथा नाही. म्हणूनच तो अवघड वाटतो.

पण पेटीवर बोटं फिरलेल्या कुणालाही तो समजावणं सोपं आहे, कारण पट्ट्या त्याच आहेत. संगीत नाटकाबरोबर पायाने भाता चालवायचा ऑर्गन आणि हाताची पेटी महाराष्ट्रभर पसरली. झाडीपट्टीच्या वादकासमोर आज इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असला, तरी सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांची मांडणी मोझार्टच्या पियानोवर होती तीच.

उदाहरणाला मोझार्टचाच सी मेजर सोनाटा घेऊ, त्याच्या कृतींच्या यादीत क्रमांक ५४५. स्वतःच्या वहीत त्याने तो २६ जून १७८८ या तारखेला ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवला. त्याच तारखेला तिथे एका भल्यामोठ्या सिंफनीचीही नोंद आहे. हा छोटा सोनाटा छापला गेला तो मात्र १८०५ साली, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. आज पियानो शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या हातून तो कधी ना कधी जातो.

पांढरी एक हा षड्ज धरा. डावा हात ‘सा प ग प, सा प ग प’ असा झुलत राहतो. उजवा हात वर एक साधी चाल सांगतो: सा, मग ग प, खाली येऊन नी, आणि सा रे सा. अंगाईइतकी सोपी. मग सरळ ताना धावू लागतात. पुढे, अर्ध्या मिनिटाच्या आत, दुसरी चाल येते, जरा खेळकर, वरच्या सप्तकातली. पण आता षड्ज पांढरी एक राहिलेला नाही. तो पांढरी पाचवर गेला आहे.

आपल्याकडे असं सहसा होत नाही. तानपुरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. राग, ताल, लय यांचं सगळं नाट्य त्या स्थिर ‘सा’भोवती घडतं. नाट्यगीतातही गायक आपली पट्टी सांगतो आणि तिथेच राहतो. सोनाट्याचं नाट्य नेमकं उलट आहे. तिथे षड्जच घर सोडून निघतो आणि श्रोता तो परत कधी येतो याची वाट बघतो. शब्द नसलेल्या या रचनेत कथा असेल तर ती हीच.

हा पहिला टप्पा झाला की तो जसाच्या तसा पुन्हा वाजवायचा, अशी खूणच कागदावर असते. म्हणजे पहिला वन्स मोअर संगीतकारानेच लिहून ठेवलेला. आजचे काही वादक वेळ वाचवण्यासाठी तो गाळतात, ते काही बरं नाही. नव्या श्रोत्याला दोन्ही चाली ओळखीच्या व्हाव्यात हाच त्या पुनरावृत्तीचा फायदा, आणि ओळख नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

कारण पुढे थोडा वेळ वाट चुकल्यासारखं होतं. गंधार कोमल होतो, चालींचे तुकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर भिरभिरतात. हा तुकडा अगदी आखूड आहे. आणि मग अचानक सुरुवातीची चाल येते, तोच ‘सा, ग प’. घरी आलो असं वाटतं, पण कान देऊन ऐकलं तर काहीतरी वेगळं आहे. चाल पांढरी चारवर आली आहे! रिवाजाप्रमाणे ती पांढरी एकवर यायला हवी होती. मोझार्टने माणूस गावात आणला, पण शेजारच्या घरात उतरवला.

यात हिशेबही आहे. पहिल्या टप्प्यात षड्ज पांढरी एकवरून निघून पंचमावर, म्हणजे पांढरी पाचवर पोहोचला होता. तसाच पंचमापर्यंतचा प्रवास पांढरी चारवरून केला की मुक्काम बरोबर पांढरी एकवर पडतो. म्हणून दुसरी, खेळकर चाल शेवटी येते ती थेट घरातच. हा पहिला भाग सगळ्या पुनरावृत्तींसह चार-साडेचार मिनिटांचा आहे. दोनदा ऐकला की ती शेजारच्या घराची जागा आपोआप कानाला कळते. समेवर मान हलवणाऱ्या माणसाला यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही. फक्त वाट बघायची ती समेची नाही, पट्टीची.

मग गप्प बसायचं कधी ठरलं?

मोझार्टच्या काळात पियानोचा सोनाटा ही मुख्यतः घरात वाजवायची गोष्ट होती. दिवाणखान्यात, शिष्यांसमोर, पाहुण्यांसमोर. तेव्हाचा पियानोही लाकडी सांगाड्याचा, हलक्या आवाजाचा, जेमतेम पाच सप्तकांचा. त्या खोल्यांत लोक बोलत, पत्ते खेळत. हे सगळ्याच वादकांना आवडत असे असं नाही. बीथोव्हेन एकदा आपल्या शिष्याबरोबर एका सरदाराकडे वाजवत होता. एक तरुण उमराव एका बाईशी मोठ्याने बोलत राहिला, तेव्हा त्याने शिष्याचे हात पट्ट्यांवरून उचलले आणि शेलक्या शब्दांत पुढे वाजवायला नकार दिला. त्याच बीथोव्हेनची सातवी सिंफनी १८१३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा तिच्या दुसऱ्या भागाला वन्स मोअर मिळाला आणि तो पुन्हा वाजवला गेला.

एकट्या पियानोवादकाने तिकीट लावून पूर्ण कार्यक्रम करायचा, ही पद्धत १८४० च्या सुमारास फ्रान्झ लिस्टने रूढ केली. त्यानंतर हळूहळू सोनाटा दिवाणखान्यातून सभागृहात आला, आणि सभागृहं मोठी होत गेली तसे श्रोते शांत होत गेले. १८७६ साली वाग्नरने बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षकांवर अंधार केला. पुढे तिथे शांततेचा इतका धाक बसला की एका खेळात खुद्द वाग्नरनेच दाद दिली आणि लोकांनी न ओळखता त्यालाच गप्प केलं, असं सांगतात. दोन भागांमध्ये टाळी द्यायची नाही हा आजचा शिष्टाचार तर विसाव्या शतकातच पक्का झाला.

मुंबईच्या एनसीपीएमध्ये आज तोच शिष्टाचार चालतो. पहिला भाग संपल्यावर एखाद्याने टाळी दिली की आजूबाजूच्या माना वळतात, आणि त्याचा चेहरा पडतो. त्याने मोझार्टच्या श्रोत्यांसारखंच केलेलं असतं.

याचा अर्थ गप्प बसणं चूक, असा नाही. षड्ज प्रवासात असताना मध्येच थांबवला तर त्याचं परतणं कळणार नाही; मंडपातल्या गाण्याला ती अडचण नाही, कारण ते स्वतःपुरतं पूर्ण असतं. शिवाय काही ठिकाणी रचनाकारानेच टाळीची जागा बुजवलेली आहे. बीथोव्हेनचा १८०१ सालचा सोनाटा ‘मूनलाइट’ नावाने ओळखला जातो. हे नाव त्याने दिलेलं नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर चिकटलं. त्याचा पहिला, संथ भाग जिथे संपतो तिथे त्याने सूचना लिहिली आहे: न थांबता लगेच पुढचा भाग सुरू करावा. वादक ती पाळतो तेव्हा शेवटचे स्वर विरायच्या आतच दुसरा भाग सुरू होतो. त्याच्या तिसऱ्या, वादळी भागाचा शेवट झाल्यावर मात्र कुणीच गप्प बसत नाही, एनसीपीएमध्येही नाही.