उलटं विमान पडत का नाही?

जळगावहून येताना एरंडोलच्या अलीकडे, कापूस उपटलेल्या एका वावरात आम्ही रविवारी सकाळी रिमोटवरची विमानं उडवतो. बांधावर पाच-दहा माणसं जमतातच. विमान पोट आभाळाकडे करून डोक्यावरून गेलं की कुणीतरी विचारतं, "हाई इमान उलटं कसं काय उडस भो?" प्रश्न झकास आहे. डोकं फिरतं ते शेजारच्या जाणकाराच्या उत्तराने. तो तळहाताचा बाक करून समजावतो: पंख वरून फुगीर, खालून सपाट. वरच्या हवेला रस्ता लांबचा, पण दोन्हीकडची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचायला हवी, म्हणून वरची पळते, दाब घटतो, विमान उचललं जातं. मग उलटं झाल्यावर? "त्याला मोटर वेगळी असते."

पण एकाच वेळी का पोहोचायला हवी? पुढच्या कडेला ताटातूट झालेल्या हवेच्या कणांनी मागे भेटायचा वायदा केलेला नसतो. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली पंखावरून थांबून थांबून धूर सोडून हे दाखवलं: वरचा धूर खालच्याच्या आधीच मागे पोहोचतो. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रानेही विद्यार्थ्यांसाठीच्या माहितीत ही समजूत चुकीच्या सिद्धांतांत घातली आहे. वरची हवा जोरात जाते आणि तिथे दाब कमी असतो, एवढं खरं. त्यासाठी सांगितलं जाणारं कारण तेवढं खोटं. आणि हे खोटं मुलं पाठ करून मार्कही मिळवतात!

पंख हवेला किंचित तिरका भेटतो, हवा खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलला जातो. धुळ्याच्या एस.टी.त खिडकीशी बसून हात जरा बाहेर काढलात (कंडक्टर ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल) तर हेच कळेल. तळहात खाली, पुढची कड थोडी उचललेली: हात वर जातो. आता हात उताणा करा आणि पुढची कड पुन्हा तेवढीच उचला. हात परत वरच. फुगीर बाजू खाली गेली, पण कोन राहिला. पंखाचा आकार निरुपयोगी नाही, त्याने काम सोपं होतं. सपाट बुडाचा शिकाऊ पंखही उलटा उडतो, फक्त कोन जास्त द्यावा लागतो. कसरतीच्या विमानाचा पंख तर दोन्हीकडून सारखाच फुगीर असतो. जाणकारांच्या हिशोबाने ते सुलटंसुद्धा उडायला नको.

उलट्या विमानाचं नाक वर ठेवायचं तर रिमोटवरची एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी) काडी पुढे ढकलावी लागते. पहिल्यांदा उलटं केलं तेव्हा मी घाबरून ती सवयीने मागे ओढली. थर्माकोलचं नाक काळ्या ढेकळात वीतभर रुतलं आणि पंखा तिसऱ्या सरीत सापडला.

हेलिकॉप्टर उलटं तरंगतं तेव्हा मोटर उलटी फिरते, हाही बांधावरचाच शोध. पाती त्याच दिशेने फिरत असतात. बदलतो तो त्यांचा कोन, अधिक दहा-बारा अंशांपासून उणे दहा-बारा अंशांपर्यंत, तोही पापणी लवायच्या आत. पात्यांचा कोन बदलत नाही अशा स्वस्त खेळण्यांना हे जमत नाही.

विमान शेपटीवर उभं लटकतं तेव्हा पंखांचा संबंधच उरत नाही. पंख्याचा जोर वजनाइतका झाला की झालं.

"सगळं जीपीएस करतो." नाही हो. जायरो असलाच तर हेलकावे कमी करतो, कसरत अंगठ्यांनीच होते.

"खेळण्याला कसले नियम?" ड्रोन नियम, २०२१ वाचा. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे, आकाशाच्या नियमांतून नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवाना ६० मीटरपर्यंतच उडवता येतं. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला आहे, म्हणूनच आम्ही एवढ्या लांब येतो.

आणि खास आपल्याकडचा एक: गरम हवा वर जाते, म्हणून उन्हाळ्यात विमान छान उडतं. इंजिन नसलेल्या ग्लायडरला वर चढणारी हवा सापडली तर ठीक. बाकी १५ अंशांच्या हवेपेक्षा आपली ४५ अंशांची हवा जवळपास दहा टक्के विरळ असते. पंखाला रेटायला हवाच कमी, पंख्यालाही कमी, वर लिथियमच्या बॅटऱ्या तापून फुगायला बसलेल्या. मे महिन्यात आम्ही साडेसहाला वावरात असतो आणि नऊच्या आत विमानं गाडीत.