पशुखाद्यात हाड सापडले, पण कोणाचे?

दळलेले दहा ग्रॅम पशुखाद्य टेट्राक्लोरोइथिलीनमध्ये ढवळायचे आणि थांबायचे. ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तोच हा द्रव, पाण्याच्या दीडपटीहून जड. भुसा, पेंड, मका वर तरंगतात. हाडांचे कण तळाला बसतात. हा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हाड लपत नाही. त्याच्या पेशी ज्यांत राहत होत्या त्या पोकळ्या आणि त्यांना फुटलेल्या बारीक नलिका जागच्या जागी दिसतात. जमिनीवरच्या प्राण्यांत या पोकळ्या गोलसर, माशांत लांबट. शंका उरली तर अलिझारिन रेड हा रंग टाकतात. हाड लाल होते.

एवढी झाडाझडती कशासाठी? ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘मॅड काऊ’ हा गुरांच्या मेंदूचा रोग ओळखला गेला. ठपका आला तो गुरांच्या अवशेषांची भुकटी करून ती पुन्हा गुरांनाच चारण्याच्या पद्धतीवर. १९८८ मध्ये तिच्यावर बंदी आली, तरी एकट्या ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गुरे बाधित झाली. एक कारण कारखान्यांतच होते: डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालत असे आणि तिचे अंश गुरांच्या पोत्यात उतरत. ते किती घातक? एका ब्रिटिश प्रयोगात बाधित मेंदूचा अवघा एक मिलिग्रॅम १५ वासरांना प्रत्येकी दिला, तर त्यांतल्या एकाला रोग झाला.

२००१ मध्ये युरोपने पाळीव पशूंच्या खाद्यातून अशी प्राणिज प्रथिने जवळपास हद्दपार केली. तपासनिसाला ते सोयीचेच होते: जमिनीवरच्या प्राण्याचे हाड दिसले की खाद्य नापास. पुढे नियम सैलावले. २०१३ पासून डुकरा-कोंबड्यांची प्रथिने माशांना चालू लागली. २०२१ पासून डुकरांची कोंबड्यांना आणि कोंबड्यांची डुकरांना. आता हाड कोणाचे, हे महत्त्वाचे झाले आणि तिथे सूक्ष्मदर्शक हात टेकतो.

मग पीसीआर, म्हणजे डीएनए ओळखणारी चाचणी. सस्तन प्राण्यांची भुकटी १३३ अंश सेल्सिअसवर, तीन बार दाबाखाली २० मिनिटे शिजवलेली असते. डीएनएच्या चिंधड्या उरतात. म्हणून चाचणी अगदी आखूड तुकडे शोधते. तिची खोड वेगळीच: गायीचा डीएनए सापडला, पण तो हाडाचा की खाद्यात घालायला परवानगी असलेल्या दूध पावडरीचा, हे ती सांगत नाही. त्यामुळे दोन्ही निकाल शेजारी ठेवूनच निर्णय होतो.

तरीही फजिती होतेच. २००४ मध्ये जर्मनीत शुगरबीटच्या चोथ्यात हाडांचे कण सापडले. कोणी भेसळ केली नव्हती. शेतातल्या मातीत पडलेल्या रानटी प्राण्यांची हाडे बीटसोबत उपटली गेली होती. बीटसारख्या कंदमुळांसाठी युरोपला नियमात वाट ठेवावी लागली.

भारतात हाच विषय ‘मांसाहारी दूध’ या नावाने अमेरिकेसोबतच्या व्यापार-चर्चेत गाजतो. गायीला गुरांचे रक्त, अवयव वा मांस यांपासून बनलेले खाद्य कधीच दिले नाही, असे प्रमाणपत्र भारत आयात दुग्धपदार्थांसाठी मागतो. चीज किंवा लोण्यात त्या खाद्यातले हाड उतरत नाही. त्यामुळे ही तपासणी गोठ्याकडच्या पोत्यातच करावी लागते.