धुरातून इंधन बनतं, पण वीज कुठली?

‘आता हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून पेट्रोल बनणार!’ असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. घरातली बारावी सायन्सची मुलं ते दाखवून विचारतात, “अब्बा, हे खरं आहे का?” शास्त्र खरं आहे. पण मेसेजमध्ये एक सवाल नेहमी सुटलेला असतो: त्यासाठी लागणारी वीज कुठून आणायची?

आधी शास्त्र समजून घेऊ. शाळेत आपण पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करतो. तसंच पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइड देऊन वीज सोडली, तर त्याचंही रूपांतर होतं. काय बनेल ते धातूवर ठरतं. चांदीवर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. तो हायड्रोजनशी जोडून मिथेनॉल किंवा डिझेल बनवता येतं. कथिलावर फॉर्मिक आम्ल मिळतं, जे चामड्याच्या धंद्यात लागतं. तांब्यावर मिथेन आणि प्लास्टिकचा कच्चा माल असलेला इथिलीन मिळतो. तांब्याचा हा गुण जपानचे योशिओ होरी यांनी 1985 च्या सुमारास दाखवला.

मग अडचण कुठे आहे? कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या कार्बनची जणू राखच. राखेचं पुन्हा लाकूड करायचं, तर जळताना निघाली तेवढी ऊर्जा परत घालावी लागणार, वर काही वाया जाणार ते वेगळंच.

हिशेब करून पाहू. 1 किलो कार्बन मोनॉक्साइड बनवताना सुमारे 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. त्यासाठी कमीत कमी अडीच युनिट वीज हवी. प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास लागते. आपल्या देशात बरीचशी वीज कोळशातून येते आणि सरासरी एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे अडीच युनिटलाच पावणेदोन किलो! जेवढा धूर पकडला, त्यापेक्षा जास्त सोडला. घाट्याचा सौदा.

म्हणून वीज सूर्याची, वाऱ्याची किंवा पाण्याची हवी. तीही आधी थेट वापरलेली बरी. सोसायटीच्या किंवा मदरशाच्या गच्चीवरचं सोलर पॅनेल घरातले पंखे-दिवे चालवतं, तेव्हा तेवढी कोळशाची वीज वाचते. विमानाचं इंधन, रसायनं, प्लास्टिक अशा जिथे नुसत्या विजेने काम भागत नाही, तिथे हे तंत्र खरं उपयोगी पडेल.

हे काम आपल्यापासून लांब नाही. जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने जाताना पवईची आयआयटी लागते. तिथे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. 2021 मध्ये इथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला कार्बन काढून टाकण्याच्या कामासाठी एक्सप्राइझ स्पर्धेत अडीच लाख डॉलर मिळाले.

अजून स्वस्त आणि टिकाऊ धातू-मिश्रणं शोधायची आहेत. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंडच्या आपल्या मुला-मुलींसाठी हे खुलं मैदान आहे. तेव्हा पुढचा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी मुलांनाच विचारा, “बेटा, यात वीज कुठली वापरली?” त्यांना हिशेब मांडू द्या.