अंग तापलेलं, तरी हुडहुडी का?

जुलैतली रात्र. घाटकोपरच्या चाळीत दोरीवरचे कपडे दोन दिवस दमटच आहेत आणि घरात चार वर्षांचं लेकरू गोधडीत कुडकुडतंय. कपाळ चटका देतंय, तळपाय मात्र गार.

गिझरला असतो तसा तापमानाचा काटा मेंदूतही असतो, एरवी ३७ अंशांच्या आसपास. जंतू शिरले की मेंदूच तो वर सरकवतो, समजा ३९ वर. मग ३७ अंशांचं अंग त्याला थंड वाटू लागतं! हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून तो उष्णता आत कोंडतो, स्नायू थरथरवून नवी तयार करतो. बर्फाच्या पट्ट्यांनी ही थरथर वाढतेच. हुडहुडी थांबली की गोधडी काढा, सुती कपडे घाला. फारच तगमग असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा, पंखा हळू ठेवा. आपल्या दमट हवेत अंगही कपड्यांसारखंच उशिरा सुकतं.

पॅरासिटामॉल तो काटाच खाली आणतं. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. डेंग्यूच्या दिवसांत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज घोटघोट पाजत राहा.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, किंवा मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता राजावाडी रुग्णालय गाठा.